विद्यार्थी आणि दुकानदाराची वही

मध्य प्रदेशात 2021-22 पासून पदवी अभ्यासक्रमास नवे शैक्षणिक धोरण लागू झाले आणि परियोजना, प्रशिक्षण अथवा समाजसेवा यांपैकी काहीतरी करणे विद्यार्थ्यास प्राप्त झाले. धार व देवास येथील वाणिज्य शाखेच्या मुलांनी हे काम मोठ्या कारखान्याच्या कचेरीत कागद लावण्याऐवजी लहान दुकानदाराच्या ओट्यावर बसून करावे, असे आम्ही सुचवितो. कल्पना नवी नव्हे. अमेरिकेत 1972 पासून सरकारी साहाय्याने, प्राध्यापकांच्या देखरेखीखाली, विद्यार्थी लहान धंद्यांना अनेक वर्षे सल्ला देत असत.

मोठ्या व्यापाऱ्यास मुनीम आहे, सनदी लेखापाल आहे, वकील आहे. गल्लीतील किराणा दुकानदारास सल्ला देणारा एकच: त्याला माल देणारा घाऊक व्यापारी, म्हणजे आम्ही. येथे एक कबुली देणे भाग आहे. पूर्वी आमच्या एका गिऱ्हाइकास चार पोती तूरडाळ पुरेशी असता, भावात सूट दाखवून आम्ही दहा पोती उधारीने दिली. पावसाळ्यात डाळीस कीड लागली. उरलेली त्याने मोहल्ल्यात उधारीवरच खपविली. पुढच्या दिवाळीस तो वहीपूजनाला आला नाही. दुकान बंद झाले होते. आम्ही त्यास व्यवहारशून्य म्हणून मोकळे झालो. अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत कमी-जास्त माप सांगितले आहे, आणि आमचे माप तर चोख होते! दोष खतावणीत होता, तो पाहण्यास तिऱ्हाईत डोळा हवा होता.

तो डोळा विद्यार्थ्याचा असू शकतो. हिशेब साधा आहे. एक लक्ष रुपये भांडवल महिन्यास एकदा फिरले आणि शेकडा 10 नफा सुटला, तर वर्षास 1,20,000 रुपये मिळतात. त्यातील 40,000 उधारीत अडकले की फिरते राहिले 60,000, आणि नफा 72,000. दुकानभाडे मात्र तेवढेच. विक्री चांगली असूनही हातात पैसा का उरत नाही, हे दुकानदारास या चार ओळींत दाखविता येते. त्यासाठी मुलाने आधी त्याची उधारीची वही वाचावी, सल्ला मागाहून.

कायद्याच्या बाबतीत मात्र सावधगिरी हवी. पीथमपूर व देवास येथील कारखान्यांना सुटे भाग पुरविणाऱ्या नोंदणीकृत लहान उत्पादकाचे पैसे 2006 च्या कायद्यान्वये जास्तीत जास्त 45 दिवसांत मिळाले पाहिजेत. विलंबावर रिझर्व्ह बँकेच्या दराच्या तिप्पट दराने मासिक चक्रवाढ व्याज आहे. हे पुष्कळांस ठाऊक नसते, आणि ठाऊक असून मोठ्या गिऱ्हाइकापुढे बोलण्याचे धैर्य नसते ते वेगळेच. परंतु उद्यम नोंदणी 2021 मध्ये व्यापाऱ्यांस खुली झाली ती केवळ बँकांच्या अग्रक्रम कर्जापुरती. किराणा दुकानदारास 45 दिवसांचे आश्वासन देणारा विद्यार्थी त्यास खड्ड्यात घालील. सबब प्रत्येक सल्ला प्राध्यापकाने तपासलेला असावा.

वही दुकानाबाहेर जाऊ नये, तिची छायाचित्रे काढू नयेत, आणि एका दुकानाचा आकडा दुसऱ्या ओट्यावर उच्चारू नये. एवढे लेखी ठरले तर आमच्या पेढीची खतावणी, येणे बाकीच्या पानांसह, आम्ही प्रथम उघडून देऊ.