तंबू कुठे ठोकायचा?

रेवदंड्याच्या अलीकडच्या किनाऱ्यावर पोहोचलो तेव्हा संध्याकाळचे साडेपाच-सहा झाले होते आणि समुद्र पार आत गेला होता. एवढं रुंद पुळण मुलांनी पाहिलेलं नव्हतं. आदल्या रात्रीच्या भरतीने शंख-शिंपल्यांची आणि काटक्यांची एक रेघ मागे ठेवली होती. तिच्या चार पावलं वर, कोरड्या वाळूत, आम्ही तंबू ठोकला आणि आपण फार विचार केला या समाधानात झोपलो. रात्री सव्वाअकराला पाठीखाली गार लागलं म्हणून थोरली उठली. तंबूच्या तळाशी पाणी होतं. पुढचा अर्धा तास आम्ही चौघे काळोखात पांघरुणं, भांडी आणि पुस्तकांची पेटी सुरूच्या बनाकडे ओढत होतो.

सकाळी शेजारच्या नारळाच्या वाडीतले आजोबा आले. ओल्या चादरींकडे त्यांनी पाहिलं आणि एकच प्रश्न विचारला, "काल तिथी कोणती होती?"

चौघांपैकी कुणालाच सांगता आली नाही.

आमची मुलं शाळेत जात नाहीत. थोरली अकरा वर्षांची आहे, दुसरीपासून घरीच शिकते; धाकटा आठ वर्षांचा, तो शाळेत गेलेलाच नाही. पुण्याच्या घरात तक्ते आहेत, पृथ्वीगोल आहे, चंद्राच्या कला दाखवणारं पुठ्ठ्याचं चाकही आहे. त्या चाकावर अमावास्या कुठे येते हे दोघांना पाठ होतं. आज अमावास्या आहे हे मात्र कुणाच्या ध्यानात नव्हतं. रेवदंड्यापासून मालवणपर्यंतचा सोळा दिवसांचा आमचा प्रवास खरा सुरू झाला तो आजोबांच्या या प्रश्नापासून.

त्यांनी हिशोब सांगितला तो कोकणात घरोघरी चालतो. तिथीची पाऊणपट करायची, आली ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. अमावास्या किंवा पौर्णिमा म्हणजे पंधरा, तिची पाऊणपट सव्वाअकरा. दिवसा आणि रात्री, दोन्ही वेळा तेच. भरतीनंतर सव्वासहा तासांच्या आसपास ओहोटी. मग थोरलीच्या लक्षात आलं की आदल्या संध्याकाळी आम्हाला भुलवणारं ते रुंद पुळण आणि मध्यरात्रीचं पाणी ही एकाच गोष्टीची दोन टोकं होती. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एका रेषेत येऊन ओढतात, तेव्हा उधाण. पाणी सगळ्यांत वर चढतं आणि सगळ्यांत खालीही उतरतं. सप्तमी-अष्टमीला दोघं काटकोनात, तेव्हा भांग, चढउतार थोडा. उधाण जवळ येत असताना रोजची भरती आदल्या दिवसाची रेघ ओलांडत जाते, म्हणून कालच्या रेघेवर भरवसा ठेवायचा नसतो. शिवाय थंडीत आपल्याकडे उधाणाची रात्रीची भरती दिवसाच्या भरतीहून उंच असते. पावसाळ्यात उलट, म्हणून मुंबईत जुलैच्या दुपारी मोठ्या भरतीचे इशारे ऐकू येतात. हिवाळ्यात वाळूवर झोपणाऱ्याने याची खूणगाठच बांधायला हवी.

थोरलीने वहीत तक्ता आखला. पाचव्या दिवशी तिने दाखवलं की हे गणित दर तिथीला तीन मिनिटं मागे पडतं. पंधरा तिथींत भरती बारा तास पुढे सरकते. म्हणजे ७२० मिनिटं भागिले पंधरा, ४८ मिनिटं. पाऊण तास म्हणजे ४५. मग ही चूक साचत का नाही? त्यावर ती दिवसभर गाडीच्या खिडकीत डोकं टेकून बसली होती. संध्याकाळी म्हणाली, "पौर्णिमेनंतर आपण पुन्हा एकपासून मोजतो ना, तिथे ती पुसली जाते." ज्याने कुणी हा ठोकताळा बसवला त्याला मनातल्या मनात करता येईल असं गणित हवं होतं, आणि होडी लोटायला तेवढी अचूकता पुरते. अपूर्णांकांचा याहून चांगला धडा मला घरात बसून बांधता आला नसता.

तेव्हापासून रोज दुपारी तीनला एकच प्रश्न: आज तंबू कुठे ठोकायचा? जागा मुलांनी निवडायची आणि कारणं द्यायची. नारळाखाली नाही, कारण झावळ आणि नारळ पडतात. धाकट्याने एक झावळ पडताना पाहिली आणि मग त्याला समजावण्याची गरज उरली नाही. वाऱ्याकडे बघायचं. दुपारी जमीन तापते आणि समुद्रावरून खारे वारे आत येतात. रात्री जमीन लवकर निवते आणि मतलई वारे डोंगराकडून समुद्राकडे वाहतात. म्हणून तंबूची पाठ डोंगराकडे. डिसेंबरात कोकणात पांघरूण लागतं, पण खरा त्रास थंडीचा नसून दंवाचा. तंबू गच्च बंद केला तर आपल्याच श्वासाची वाफ आतून कापडावर धरते आणि पहाटे थेंब पडू लागतात. वरची जाळी उघडी ठेवायची, हे आम्ही तिसऱ्या रात्री शिकलो. आणि कुठलीही जागा कुणाची तरी असते. वाडीच्या मालकाला किंवा ग्रामपंचायतीत विचारल्याशिवाय खुंटी मारायची नाही. विचारलं तर बहुतेक ठिकाणी विहिरीचं पाणीही मिळालं. विहिरी थंडीत भरलेल्या असतात. वैशाखात हेच मागणं मागायला जीभ रेटली नसती.

वेळासला प्रश्नाचं उत्तर 'कुठेच नाही' असं आलं. ऑलिव्ह रिडले कासवाच्या माद्या हिवाळ्यात रात्री या वाळूवर चढतात, खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालतात आणि परत जातात. किनाऱ्यावर उजेड, माणसं, शेकोटी दिसली तर मादी अंडी न घालताच वळते. ४५ ते ५५ दिवसांनी पिल्लं निघतात ती क्षितिजावरच्या उजळ बाजूकडे, म्हणजे समुद्राकडे धावतात. मागे दिवे असले तर उलटी जातात. चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेने २००२ मध्ये गावकऱ्यांबरोबर इथे संवर्धनाचं काम सुरू केलं. त्याआधी अंडी सर्रास उकरून नेली जात. आम्ही गावात एका घरी राहिलो, पिल्लं पाहायला मिळाली नाहीत. त्यांचा हंगाम फेब्रुवारीपासून पुढे. धाकटा हिरमुसला. रात्री त्याने स्वतःच्या हाताने विजेरीवर लाल जिलेटिनचा कागद चिकटवला आणि तो पुढचे सगळे दिवस काढला नाही.

प्रवासाचा दुसरा शिक्षक खाडी. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड, अशा चार फेरीबोटींनी गाडीसकट आम्ही दक्षिणेला सरकलो. या खाड्यांवर पूल होणार आहेत, ते व्हायलाच हवेत. रात्री दवाखाना गाठणाऱ्यासाठी खाडी हा धडा नसतो. पण बोटीची वाट पाहताना बागमांडल्याला जे झालं ते पुलावरून जाताना झालं नसतं. समोरची नदी कुठली, म्हणून नकाशा उघडला. सावित्री. महाबळेश्वरच्या त्याच माथ्यावरून कृष्णा निघते. एक पश्चिमेला उतरून शंभरेक किलोमीटरांत इथे समुद्राला मिळते. दुसरी पूर्वेला वळते आणि १,४०० किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला. मुलांनी सुतळी नकाशावर वळणावळणाने मांडून दोन्ही नद्या मोजल्या. मग किनारा मोजायला घेतला आणि फसली. सुतळी खाडीत आत न्यायची की तोंडावरून सरळ? भारताच्या किनाऱ्याची लांबी वर्षानुवर्षं ७,५१६ किलोमीटर शिकवली गेली. अलीकडे सरकारने ती ११,०९८ केली, आणि समुद्र तेवढाच आहे. मोजपट्टी बारीक झाली, वळणं जास्त सापडली. बेनुआ मँडेलब्रॉ या गणितज्ञाने १९६७ मध्ये ब्रिटनच्या किनाऱ्याबद्दल हाच प्रश्न विचारला होता. "मग खरं उत्तर कोणतं?" या प्रश्नावर बोट आली.

बोटीवर टोपलीवाल्या मावशींनी थोरलीला विचारलं, "शाळा नाय काय गो तुला?" हा प्रश्न आम्हाला रोज येतो आणि तो रास्त आहे. शिक्षण हक्काचा कायदा २००९चा. त्याच्या दहाव्या कलमात सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शेजारच्या शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य म्हटलं आहे. न घातल्यास पालकांना शिक्षेची तरतूद मात्र नाही. घरी शिकणारी मुलं पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून दहावी देऊ शकतात, किंवा आपल्या ओळखीचा १७ नंबरचा फॉर्म भरून राज्य मंडळाची परीक्षा. म्हणजे वाट आहे. पण ती सगळ्यांसाठी आहे असं मी म्हणणार नाही. आमच्या घरात एकाच्या पगारावर भागतं म्हणून मी दिवसभर मुलांसोबत असते. ज्या घरात दोघांनी राबल्याशिवाय चूल पेटत नाही, तिथे शाळा हाच मुलांचा आधार आहे. आणि आमच्या मुलांना सोबती कमी पडतात. संध्याकाळी पुळणावर गावातली मुलं क्रिकेट खेळायला यायची तेव्हा धाकटा ज्या ओढीने धावायचा, ती पाहून मला प्रत्येक वेळी आमचा निर्णय पुन्हा तपासावा लागला. तिथी गुणिले पाऊण हे त्या मुलांना पाठ होतं. जिल्हा परिषदेच्या शाळेत जाऊनही, किंवा तिथून घरी परतताना.

याच किनाऱ्याच्या उत्तर टोकाला, बोर्डीला, ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं. मुलं शाळेपर्यंत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची, ही अंगणवाडीची कल्पना तिथली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी आणि अनुताई वाघांनी गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली. घराबाहेरचं शिक्षण म्हटलं की आपल्याला परदेशी नावं आधी आठवतात. मला या दोघी आठवतात, आणि त्यांनी हे ज्यांच्याकडे काहीच नव्हतं त्या मुलांसाठी केलं, हे विसरता येत नाही.

रत्नागिरीला मांडवीच्या काळ्या वाळूतून धाकट्याने दोऱ्याला बांधलेलं लोहचुंबक फिरवलं आणि त्याला दाढी फुटली. सड्यावरची कातळशिल्पं धावती पाहिली, त्यांच्यासाठी वेगळा प्रवास हवा. मात्र विजयदुर्गला आम्ही एक दिवसाऐवजी तीन दिवस राहिलो, ते थोरलीच्या एका शंकेमुळे.

किल्ल्यात 'साहेबाचे ओटे' आहेत. १८ ऑगस्ट १८६८च्या खग्रास ग्रहणात इथून सूर्य पाहताना नॉर्मन लॉकियर यांना हेलियम सापडला, असं सगळे सांगतात. गावात १८ ऑगस्टला हेलियम दिनही होतो. थोरलीने विचारलं, "ऑगस्टमध्ये? इथे? ढग नव्हते?" पावसाळ्यातला कोकण आम्ही पाहिलेला आहे. आम्ही शोधायला बसलो. त्या ग्रहणात पिएर जान्सेन या फ्रेंच शास्त्रज्ञाने गुंटूरहून सूर्याच्या ज्वालांचा वर्णपट पाहिला. लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्येच होते; त्यांनी ऑक्टोबर १८६८ मध्ये, ग्रहणाशिवाय, तिथूनच त्या वर्णपटातली हेलियमची पिवळी रेषा पाहिली. पृथ्वीवर हेलियम सापडला १८९५ मध्ये, विल्यम रॅमसे यांना. मग ओटे खोटे का? नाहीत. लॉकियर विजयदुर्गला आले होते, २२ जानेवारी १८९८च्या खग्रास ग्रहणाला. 'मेलपोमीन' या युद्धनौकेचे खलाशी त्यांना मदतीला होते आणि किल्ल्यात दुर्बिणी मांडून त्यांनी तळ ठोकला होता. जानेवारी, कोरडी हवा, निरभ्र आकाश. गावाच्या आठवणीत दोन ग्रहणं एकात मिसळली, एवढंच. थोरली त्या ओट्यांवर बराच वेळ बसून राहिली. तिच्या डोळ्यांसमोर आता एक खरा माणूस होता, तिच्यासारखाच थंडीत समुद्राकाठी तळ टाकून आकाशाची वाट पाहणारा.

शेवटची रात्र मालवणजवळ, पौष पौर्णिमेची. तारीख-वार कुणाला आठवत नव्हता, तिथी सगळ्यांना ठाऊक होती. गुजरातच्या खंबातच्या आखाताकडून दक्षिणेला यावं तसा भरती-ओहोटीतला फरक कमी होत जातो. रेवदंड्याला जो पाहिला तो इथे जवळपास निम्म्यावर आला होता. थोरलीने संध्याकाळी उतार मोजला, पावलं टाकली आणि वाळूत तीन काटक्या रोवल्या. मधली तिचा अंदाज, खालची धाकट्याचा, वरची, तंबूला जवळजवळ टेकलेली, तिच्या बाबाची, कारण त्याला पहिली रात्र आठवत होती. आम्ही साडेदहाला चादरी गुंडाळून बसलो. विजेरीची गरज नव्हती, इतकं चांदणं होतं. सव्वाअकराला पाण्याने धाकट्याची काटकी पाडली. बाराला पाच कमी असताना एक लाट थोरलीच्या काटकीच्या मुळाशी आली, फेस सोडला आणि मागे गेली. पुढची तिथवर आली नाही.