स्टार ट्रेक, द एक्सपान्स की इंटरस्टेलर? दुधाळ्याच्या लिगोचं माप लावून बघू

मार्चमध्ये वसमतला घरी गेलो होतो. हळद शिजवायची घाई चालू होती आणि दहावीचे पेपर संपवून मोकळा झालेला माझा मावसभाऊ मोबाईलमध्ये डोकं घालून बसला होता. रात्री गच्चीवर त्याने विचारलं, "दादा, स्टार ट्रेक भारी का इंटरस्टेलर?" मी उत्तर देणार तेवढ्यात त्याने दुसरा प्रश्न टाकला. "आणि ते औंढ्याकडे लिगो बांधायलेत, तिथं वॉचमन सोडून आपल्याला कुणी घेणारे का?"

या दोन प्रश्नांचा एकमेकांशी संबंध आहे, हे मला नंतर लक्षात आलं. आपण सायफायची तुलना करतो तेव्हा हिरो, ग्राफिक्स आणि लढाया बघतो. पण हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ तालुक्यात, दुधाळा गावाजवळ जी प्रयोगशाळा उभी राहतेय, तिचं काम एकाच गोष्टीशी आहे: गुरुत्वाकर्षण. मग तेच माप लावू. कुठली मालिका, कुठला सिनेमा, कुठलं पुस्तक गुरुत्वाकर्षणाशी किती प्रामाणिक आहे?

(पुढे थोडे स्पॉयलर आहेत. 'थ्री बॉडी' वाचायचं किंवा बघायचं बाकी असेल तर तो भाग सोडून द्या.)

1. स्टार ट्रेक आणि स्टार वॉर्स: गुरुत्वाकर्षण म्हणजे बटण

स्टार ट्रेक 1966 मध्ये टीव्हीवर आली, स्टार वॉर्स 1977 मध्ये थिएटरमध्ये. दोन्हींत माणसं यानात अशी चालतात जशी आपण बाजारात चालतो. यानाखाली कुठला ग्रह नाही, तरी चहा कपातच राहतो. कथेत यानाच्या फरशीतलं यंत्र कृत्रिम गुरुत्वाकर्षण तयार करतं असं धरून चालायचं. खरं कारण साधं आहे. दर आठवड्याला कलाकार तरंगताना दाखवायचे म्हणजे खर्च आणि वेळ, दोन्ही परवडणारं नाही.

गंमत म्हणजे 1991 च्या सहाव्या स्टार ट्रेक चित्रपटात एका यानाचं हे यंत्र बंद पाडतात, आणि सांडलेल्या रक्ताचे गोळे हवेत तरंगायला लागतात. तेवढ्या एका प्रसंगात आपल्याला कळतं की इतके दिवस आपण काय गृहीत धरलं होतं.

निकाल: कथा भारी, गुरुत्वाकर्षण उधारीचं.

2. द एक्सपान्स: गुरुत्वाकर्षणाचं बिल भरावं लागतं

ही आधी पुस्तकांची मालिका (पहिलं पुस्तक 2011), मग टीव्ही मालिका (2015 ते 2022). इथे बटण नाही. इंजिन चालू असेल तरच पायाखाली जमीन.

हे कसं, ते एसटीत बसून समजतं. ड्रायव्हरने एकदम गाडी पळवली की तुम्ही सीटच्या पाठीला दाबले जाता. आता गाडी सरळ उभी करा, तोंड आकाशाकडे. तुमची पाठ टेकली ती सीट झाली फरशी. यान प्रत्येक सेकंदाला सुमारे 9.8 मीटर प्रति सेकंद इतका वेग वाढवत राहिलं, तर आतल्या माणसाला घरी उभं असल्यासारखंच वाटतं. म्हणून एक्सपान्समधली यानं विमानासारखी आडवी नाहीत, उंच इमारतीसारखी आहेत, मजल्यावर मजला. अर्ध्या वाटेत ती उलटी फिरतात आणि इंजिन समोर करून ब्रेक मारतात. जी माणसं पिढ्यानपिढ्या कमी गुरुत्वाकर्षणात वाढली ती उंच, किडकिडीत आणि ठिसूळ हाडांची. पृथ्वीवर उभं राहणं हीच त्यांच्यासाठी शिक्षा.

निकाल: टीव्हीवरच्या मालिकांमध्ये माझा पहिला नंबर.

3. इंटरस्टेलर: गुरुत्वाकर्षण म्हणजे वेळ

2014 चा हा सिनेमा फ्रँचायझी नाही, पण त्याला वगळून ही तुलना होऊच शकत नाही. कारण याचे एक कार्यकारी निर्माते किप थॉर्न. लिगोच्या संस्थापकांपैकी एक, 2017 च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलचे मानकरी.

सिनेमात कृष्णविवराजवळच्या एका ग्रहावर 1 तास म्हणजे पृथ्वीवरची 7 वर्षं. तीनेक तासांत नायक परततो तर घरी 23 वर्षं उलटलेली. हा आकडा अति वाटतो, पण तत्त्व खरं आहे: गुरुत्वाकर्षण जितकं जास्त, तितकं घड्याळ हळू. तुमच्या मोबाईलमधलं जीपीएस रोज याचा हिशेब करतं. 20,000 किलोमीटर उंचीवर गुरुत्वाकर्षण कमी असल्यामुळे उपग्रहातलं घड्याळ पुढे पळतं, उपग्रहाच्या वेगामुळे थोडं मागे पडतं, आणि वजाबाकी करून दिवसाला सुमारे 38 मायक्रोसेकंद पुढे राहतं. ही दुरुस्ती केली नाही तर एका दिवसात मॅप 10 किलोमीटरच्या आसपास चुकेल. वसमतला निघालेला माणूस भलत्याच गावात पोहोचेल.

थॉर्न यांनी स्वतःच्या पुस्तकात सांगितलंय की सिनेमाच्या सुरुवातीच्या कथेत गुरुत्वीय लहरी होत्या, नंतर त्या गाळल्या गेल्या. सिनेमा आला 2014 च्या नोव्हेंबरमध्ये. वर्षही झालं नाही तर खऱ्या लहरी सापडल्या.

निकाल: शेवटचा अर्धा तास कल्पनेचा, बाकी बहुतेक गणिताचा.

4. थ्री बॉडी: गुरुत्वाकर्षण म्हणजे निरोप

चिनी लेखक लिऊ त्सिशिन यांची तीन पुस्तकं. नेटफ्लिक्सवर मालिका आली 2024 मध्ये. तिसऱ्या पुस्तकात एका यानाचा अँटेना गुरुत्वीय लहरींनी सगळ्या विश्वाला निरोप पाठवतो. कल्पना भन्नाट आहे, कारण या लहरी कशानेच अडत नाहीत. ग्रह, तारे, धूळ, सगळ्यांतून आरपार जातात.

पण पाठवायच्या कशा? इथे खऱ्या जगाचे आकडे बघा. 14 सप्टेंबर 2015 ला लिगोने पहिली लहर पकडली. सुमारे 130 कोटी प्रकाशवर्षं दूर, सूर्याच्या 36 पट आणि 29 पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरं एकमेकांत विलीन झाली होती. त्यात 3 सूर्यांइतकं वस्तुमान सेकंदाच्या छोट्याशा भागात लहरींच्या रूपात निघून गेलं. एवढं होऊनही अमेरिकेतल्या लिगोच्या 4 किलोमीटर लांब बाहूची लांबी किती बदलली? प्रोटॉनच्या व्यासाच्याही शेकडो पटीने कमी.

म्हणजे निरोप पाठवायला सूर्य फोडावे लागतील. आपल्याला जमतं ते फक्त ऐकणं.

निकाल: कल्पनेला पैकीच्या पैकी, पण असं यंत्र माणसाच्या आवाक्यात नाही.

5. आणि आपले नारळीकर

मराठीत हे कुणी केलंच नाही असं समजू नका. 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' नावाची कथा आली. लेखक: नारायण विनायक जगताप. पहिलं बक्षीस मिळालं, आणि मग कळलं की हे जयंत विष्णू नारळीकर. आद्याक्षरं उलटी करून नाव घेतलेलं, म्हणजे परीक्षकांवर नावाचं वजन पडायला नको. इंटरस्टेलरच्या 40 वर्षं आधी मराठी वाचकाला या शब्दाची ओळख अशी होत होती.

पुढे 1988 मध्ये त्यांनी पुण्यात आयुका ही संस्था उभी केली. तिथेच संजीव धुरंधर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, लहरी सापडण्याच्या कितीतरी वर्षं आधी, गोंगाटातून असा सिग्नल कसा ओळखायचा याचं गणित बसवण्याचं काम केलं. आज लिगो-इंडियामागच्या प्रमुख संस्थांपैकी आयुका एक आहे. नारळीकर मे 2025 मध्ये गेले.

मग दुधाळ्याला नेमकं काय होणार?

इंग्रजी 'एल' अक्षरासारखे दोन बाहू, प्रत्येकी 4 किलोमीटर. आतून जवळजवळ सगळी हवा काढून घेतलेल्या नळ्या, त्यांतून लेसर जाणार, टोकाच्या आरशावरून परत येणार. लहर गेली की एक बाहू किंचित लांबतो, दुसरा आखडतो, आणि परत आलेल्या प्रकाशांचा मेळ बिघडतो. तो बिघाड मोजायचा.

भारतातच कशाला? अंधारात फटाका कुठे वाजला हे आपण दोन कानांतल्या वेळेच्या फरकावरून ओळखतो. 2015 ची लहर अमेरिकेतल्या दोन केंद्रांवर सुमारे 7 मिलिसेकंदांच्या फरकाने पोहोचली. त्यावरून आकाशातली दिशा ढोबळच कळली. दूरवर आणखी एक कान असला की जागा बरीच नेमकी सापडते. म्हणून केंद्र सरकारने 2016 मध्ये तत्त्वतः मान्यता दिली आणि एप्रिल 2023 मध्ये सुमारे 2,600 कोटी रुपये मंजूर केले.

आईने विचारलं होतं, "त्याचं रेडिएशन आपल्याला लागणार नाही ना?" नाही. हे यंत्र बाहेर काही सोडत नाही, फक्त ऐकतं. उलट त्रास त्यालाच. ट्रक, ट्रॅक्टर, जोराचा वारा, सगळ्याची थरथर त्याला लागते. भूकंपाची तर दूरचीही.

वॉचमनचं काय?

मावसभावाला मी नोकरीचं आश्वासन दिलं नाही, कारण ते माझ्या हातात नाही. पण अशा ठिकाणी निर्वात पंप, वेल्डिंग, लेसर, वीज, नेटवर्क, सॉफ्टवेअर, सगळी कामं असतात. त्यातल्या बऱ्याच कामांची वाट आयटीआय किंवा डिप्लोमातूनही जाते.

आणि एक गोष्ट तर आजच करता येते. लिगोचा डेटा इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुला आहे, तो वाचायच्या पायथॉन लायब्ररी फुकट आहेत. त्या रात्री गच्चीवर माझ्या लॅपटॉपवर आम्ही 2015 ची लहर उतरवून घेतली, गोंगाट गाळला आणि आवाजात बदलली. सेकंदाच्या पाचव्या भागाएवढा आवाज. खालून वर चढत जाणारा, 35 हर्ट्झपासून 250 हर्ट्झपर्यंत.

"एवढंच?" तो म्हणाला.

मग त्याने तो अकरा वेळा वाजवला. दुसऱ्या दिवशी मी पुण्याला निघालो तर म्हणाला, "दादा, ते पायथॉन माझ्या मोबाईलवर चालतं का?"

चालतं. कसं चालवायचं ते पुढच्या लेखात, एकेक पायरी करून.