तोंड बघा, मग नाव सांगा

दिवाळीत तिसगावला गेले की एक प्रश्न ठरलेला असतो : "अगं, इथं उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते अन् तू समुद्रातल्या किड्यांवर पीएचडी करतेस?"

उत्तर आपल्याच शिवारात आहे. डाळिंबाचं झाड पिवळं पडतं, मुळं उकरली की गाठी दिसतात. त्या करणारे सूत्रकृमी आणि खाडीच्या चिखलातले माझे सूत्रकृमी एकमेकांचे भाऊबंदच. मुख्य फरक तोंडात.

मुळातल्या सूत्रकृमीच्या तोंडात पोकळ सुई असते. ती पेशीत खुपसून तो रस ओढतो. समुद्रातल्या बहुतेकांना अशी सुई नसते. १९५३ साली वीझर या शास्त्रज्ञाने तोंडावरून त्यांचे चार गट पाडले. तोंडाची पोकळी नसल्यासारखीच असेल, तर तो जिवाणू टिपून खाणारा. पोकळी मोठी पण बिनदातांची, तर चिखलातलं मिळेल ते गिळणारा. बारीक दात असतील तर सूक्ष्म शैवाल खरवडणारा. मोठे दात किंवा जबडे असतील तर बहुधा शिकारी.

पण खाणं कळलं म्हणजे नाव कळलं असं नाही. डोक्याच्या दोन्ही बाजूंना रसायनं ओळखणारा एक अवयव असतो, अँफिड. टर्शेलिंगिया या प्रजातीत तो गोल असतो, सॅबाटिएरियात चकलीसारखा वेटोळा. पुढे जात ठरवायला बऱ्याचदा नरच लागतो, कारण त्याच्या शेपटीजवळच्या मिलनाच्या काट्यांचा आकार जातीगणिक बदलतो. पिल्लू हाती लागलं तर अनेकदा प्रजातीवरच थांबावं लागतं.

पहिल्या वर्षी मी फोकस नीट न लावता एक वेटोळा अँफिड गोल समजले आणि अख्खी स्लाइड पुन्हा मोजावी लागली. तेव्हा वैताग आला, पण चूक साधी नव्हती. या दोन्ही प्रजातींतल्या काही जाती ऑक्सिजन कमी असलेल्या काळ्या चिखलातही तग धरतात. नमुन्यात त्यांचीच गर्दी आणि दातवाले जवळपास गायब, असं वारंवार दिसलं तर तळाचा श्वास कोंडतोय का, हे तपासावं लागतं. मोजणीच चुकली तर खाडीबद्दलचं म्हणणंही चुकतं.

शेतातही तेच. माती परीक्षणात 'सूत्रकृमी आढळले' एवढंच लिहून आलं, तर लगेच औषध आणायला पळू नका. मातीतले कित्येक सूत्रकृमी जिवाणू खातात आणि पिकाला नत्र मोकळं करून देतात. आधी विचारा : सुईवाले आहेत का, आणि कोणत्या प्रजातीचे?