जलाधारित रंगांची एअरब्रश फवारणी

पाण्यात कालवलेला रंग दाबाखालील हवेने सूक्ष्म तुषारांत फोडून वस्तूच्या पृष्ठभागावर बसवण्याच्या पद्धतीला जलाधारित रंगांची एअरब्रश फवारणी असे म्हणतात. लाटांवर उभे राहून घसरण्यासाठी वापरला जाणारा सर्फबोर्ड रंगवण्याची ही एक रूढ पद्धत आहे. महाराष्ट्रात मात्र तिचा सर्वपरिचित वापर गणेशमूर्तींच्या रंगकामात दिसतो. भंडारा जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. तेथे या पद्धतीचा संबंध लाटांशी नसून तलावांशी येतो.

साधन

एअरब्रश हे लेखणीप्रमाणे बोटांत धरण्याचे छोटे फवारणी यंत्र आहे. फ्रान्सिस एडगर स्टॅनली यांनी १८७६ साली अमेरिकेत रंग फवारण्याच्या अशाच एका साधनाचे पेटंट घेतले होते. आजच्या साधनात कॉम्प्रेसरमधून आलेली हवा अरुंद तोंडातून वेगाने बाहेर पडते, तेथे दाब कमी होतो आणि भांड्यातील रंग ओढला जाऊन त्याचे तुषार होतात. तोंडाचे छिद्र साधारणतः ०.२ ते ०.५ मिलिमीटर असते व हवेचा दाब बहुधा प्रति चौरस इंच २० ते ३० पौंड ठेवतात. दुहेरी क्रियेच्या एअरब्रशमध्ये कळ दाबली की हवा सुटते आणि मागे ओढली की रंग सुटतो. त्यामुळे एकाच हालचालीत केसासारखी रेघ हळूहळू रुंद करून धुक्यासारख्या छटेत विरवता येते. मोठ्या पृष्ठभागासाठी याच तत्त्वावर चालणारी, पण मोठ्या छिद्राची स्प्रे गन वापरतात.

‘जलाधारित’ या शब्दाचे दोन अर्थ

रंगात मुख्यतः तीन घटक असतात: रंगद्रव्य, ते धरून ठेवणारा बंधक आणि दोहोंना पातळ करणारा द्रव. हा द्रव पाणी असला की रंग जलाधारित ठरतो. बंधक कोणता व रंगद्रव्य कोणते, याविषयी तो शब्द काहीच सांगत नाही. बाजारात या एका शब्दाने बराच गोंधळ माजवला आहे.

डिंक किंवा सरस हा बंधक असलेला रंग वाळल्यावरही पाण्यात पुन्हा विरघळतो किंवा मऊ पडतो. शाळेतील जलरंग याच जातीचे. ॲक्रिलिक रंगाचे तसे नाही. त्यात प्लॅस्टिकचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडून गेले की ते एकमेकांना चिकटून अखंड पापुद्रा तयार करतात आणि तो पापुद्रा पुन्हा पाण्यात विरघळत नाही. ओला असताना हा रंग पाण्याने धुता येतो, वाळल्यावर नाही. सर्फबोर्डाला हाच गुण हवा असतो; विसर्जनाच्या मूर्तीला तोच नको असतो.

सर्फबोर्डावरील काम

सर्फबोर्ड पूर्वी लाकडाचे असत. १९५० च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियात होबी आल्टर व गॉर्डन क्लार्क यांनी पॉलियुरेथेन फोमचा गाभा वापरात आणला आणि हलका, पांढरा, सहज घासता येणारा पृष्ठभाग रंगाऱ्यांना मिळाला. गाभा आकारात घासल्यावर त्यावरील धूळ पूर्णपणे उडवतात, चिकटपट्टीने नक्षीच्या कडा आखतात आणि मग पातळ ॲक्रिलिक रंगाचे हलके हात देतात. त्यावर काचतंतूंचे कापड अंथरून रेझिन ओतले जाते. रंग अशा रीतीने रेझिनखाली कायमचा बंदिस्त होतो.

येथे पाण्याचाच आधार का घ्यावा, याचे उत्तर मखर करणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. थर्माकोलवर डब्यातला स्प्रे मारला की ते जागोजागी वितळून खड्डे पडतात. कारण रंगातील विद्रावक पॉलिस्टायरीनला विरघळवतो. काही सर्फबोर्डांचा गाभा याच पॉलिस्टायरीनचा असतो. पाण्याने त्याला इजा होत नाही. पॉलियुरेथेन तुलनेने चिवट आहे, तरी तेथेही दुर्गंधी व आगीचा धोका कमी म्हणून जलाधारित रंगच सोयीचा ठरतो.

काळजी दोन बाबतींत घ्यावी लागते. रंगाचा थर जाड झाला तर रेझिनची पकड फोमवर न बसता रंगावर बसते आणि पुढे लाटांच्या माऱ्याने वरचे कवच सुटू लागते. तसेच रंग वरून कोरडा भासला तरी आत ओल राहिली असेल, तर रेझिन धुरकट होते किंवा त्यात फोड येतात. रेझिन बसल्यानंतर सापडलेली ही चूक दुरुस्त करणे जवळजवळ नवा बोर्ड करण्याइतके कष्टाचे असते.

पेणची पद्धत

रायगड जिल्ह्यातील पेण, तसेच जवळचे हमरापूर व जोहे या गावांत गणेशमूर्तींचे कारखाने आहेत. तेथे अंगाचा रंग, सोवळे व शेला यांवरील छटा स्प्रे गनने दिल्या जातात. गालांवरील व पोटावरील गडद-फिकट उतार हे फवाऱ्याचेच काम. डोळ्यांची आखणी मात्र आजही कुंचल्यानेच होते आणि तिच्यासाठी कारखान्यातला सर्वांत मुरलेला हात राखून ठेवलेला असतो. 

भंडारा जिल्हा

पूर्व विदर्भात रंगकामाचा हंगाम लांबतो. श्रावणात कान्होबा, मग तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदीबैल, भाद्रपदात गणपती आणि आश्विनात शारदा व दुर्गा. यातील बहुतेक दिवस पावसाळी असतात आणि जलाधारित रंगाला दमट हवेइतका दुसरा वैरी नाही. हवेत आधीच बाष्प असल्याने रंगातील पाणी उडत नाही, हात ओघळतात, कॉम्प्रेसरच्या टाकीत साचलेले पाणी नळीतून थेंबाथेंबाने येऊन मूर्तीवर डाग पाडते. यासाठी नळीवर ओलावा अडवणारी गाळणी बसवतात, टाकीतील पाणी रोज काढून टाकतात आणि एका जाड हाताऐवजी अनेक विरळ हात देतात. पाण्याचा पृष्ठताण टर्पेंटाइनच्या अडीच पटींहून अधिक असल्याने गुळगुळीत पृष्ठभागावर रंगाचे मणी होतात. खडूच्या भुकटीचा पांढरा अस्तर-हात दिला की ही अडचण बरीच दूर होते. रंग दुधाइतका पातळ करून तलम कापडातून गाळणे हा नियम मात्र सर्व ऋतूंत सारखाच.

सोनेरी रंगाची गोष्ट वेगळी सांगावी लागते. मुकुट व दागिन्यांसाठी वापरली जाणारी पारंपरिक सोनेरी भुकटी तांबे व जस्त यांच्या मिश्रधातूची असते. म्हणजे पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या भंडारा शहराच्या परिचयाचेच हे धातू. पाण्यात कालवल्यावर ही भुकटी काळवंडते. म्हणून जलाधारित सोनेरी रंगात बहुधा टायटॅनियम ऑक्साइडचा लेप दिलेले अभ्रकाचे कण घालतात.

भंडारा हा तलावांचा जिल्हा. कोहळी समाजाने बांधलेले व पुढे मालगुजारांच्या ताब्यात असलेले तलाव आज माजी मालगुजारी किंवा ‘मामा’ तलाव म्हणून ओळखले जातात. भाताला पाणी, गुरांना पाणी आणि ढिवर समाजाला मासळी त्यांतूनच मिळते. उन्हाळ्यात हे उथळ तलाव आटतात, तेव्हा तळाशी साचलेले काहीही वाहून जात नाही. त्यामुळे मूर्तीवर कोणता रंग फवारला, हा प्रश्न येथे सजावटीपुरता उरत नाही.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मूर्तिविसर्जनाची मार्गदर्शक तत्त्वे २०१० साली काढली आणि मे २०२० मध्ये सुधारली. त्यांत नैसर्गिक मातीच्या मूर्ती आणि पाण्यात विरघळणारे, बिनविषारी, नैसर्गिक रंग यांचा आग्रह आहे. या कसोटीला केवळ ‘जलाधारित’ असे लिहिलेला डबा पुरेसा नाही. ॲक्रिलिकचा पापुद्रा विसर्जनानंतर मातीपासून सुटतो आणि प्लॅस्टिकच्या तुकड्यांच्या रूपाने पाण्यात राहतो. रंगद्रव्यात शिसे, क्रोमियम किंवा कॅडमियम असेल, तर बंधक कितीही सौम्य असला तरी ते धातू गाळात उतरतात. गेरू, हळद, खडू यांसारखी द्रव्ये डिंकात कालवून फवारता येतात. मात्र ती फार बारीक दळावी लागतात, नाहीतर छिद्र तुंबते.

रंगाऱ्याचे आरोग्य

विद्रावकाचा उग्र वास नसल्यामुळे हे रंग निरुपद्रवी वाटतात आणि तोंडाला नुसता रुमाल बांधून बंद खोलीत फवारणी केली जाते. प्रत्यक्षात वस्तूवर न बसलेले तुषार हवेत तरंगत राहतात, त्यातील पाणी उडून जाते आणि रंगद्रव्य व बंधक यांचे कोरडे सूक्ष्म कण श्वासावाटे फुप्फुसांत खोलवर जाऊ शकतात. रुमाल त्यांना अडवत नाही. कण गाळणारा, चेहऱ्याला घट्ट बसणारा मुखवटा आणि हवा बाहेर फेकणारा पंखा लागतो. पावसाची झड आत येऊ नये म्हणून ताडपत्री चारही बाजूंनी सोडलेल्या मांडवात हा धोका वाढतो.

काम संपल्यावर एअरब्रश लगेच धुवावा लागतो, कारण तोंडात वाळलेला ॲक्रिलिक पाण्याने निघत नाही. धुतलेले पाणी गटारात न ओतता बादलीत साठवतात. एक-दोन दिवसांत रंगाचा बराच भाग तळाशी बसतो, वरचे पाणी पुढच्या धुण्याला वापरता येते आणि खालचा गाळ वाळवून वेगळा काढता येतो.