गाळाच्या कणांचें खातें

ठिबकाच्या नळ्या गाळानें तुंबल्या म्हणजे पाणी हाताशीं असूनहि पीक डोळ्यांदेखत वाळतें. हा अनुभव प्रस्तुत लेखकानें स्वतः घेतला आहे. महसूल खात्यांतून निवृत्त झाल्यावर आम्हीं ओढ्याचें पाणी निवळण्यासाठीं एक हौद बांधविला. परंतु त्याचें माप केवळ अंदाजानें ठरविलें. पहिल्याच हंगामांत नळ्यांचीं छिद्रें बुजलीं व अर्धा मळा हातचा गेला. तेव्हां पाण्यांत कण कसे फिरतात व कसे बसतात, हें जाणून घेणें अगत्याचें वाटलें.

याविषयींचा मूळ नियम स्टोक्स या गणितज्ञानें १८५१ सालीं मांडला. स्थिर पाण्यांत बारीक कणाचा व्यास दहापट घटला कीं त्याचा बसण्याचा वेग शंभरपट घटतो. ०.१ मिलिमीटर व्यासाचा वाळूचा कण सुमारें २ मिनिटांत १ मीटर खालीं जातो, ०.०१ मिलिमीटरच्या कणास सुमारें ३ तास लागतात, आणि ०.००१ मिलिमीटरच्या चिकणमातीच्या कणास जवळजवळ १३ दिवस!

पण हौदांतील पाणी वाहतें असतें, आणि कण एकमेकांवर आदळतात. अशा ठिकाणीं एकटा नियम पुरत नाहीं. म्हणून विद्वानांनीं संगणकाच्या आज्ञावल्या रचल्या आहेत. त्यांत पाण्याचे लहान लहान कप्पे कल्पून प्रत्येकांतील वेग व दाब काढतात. प्रत्येक कण जणूं स्वतंत्र खातेदार असतो. क्षणाच्या सूक्ष्म अंशागणिक त्याचें स्थान, वेग व टकरा यांची नोंद होते. पाण्यानें कणावर जेवढा जोर लावला, तेवढाच उलट जोर पाण्याच्या खातीं पडतो. जमाखर्चाची मेळवणी चुकत नाहीं. टकरांचा हिशेब करण्याची पद्धत कंडॉल व स्ट्रॅक यांनीं १९७९ सालीं प्रसिद्ध केली. ‘ओपनफोम’ नांवाची प्रवाहगणिताची आज्ञावली २००४ सालापासून सर्वांस विनामूल्य खुली आहे.

तथापि या हिशेबासहि मर्यादा आहेत. चिमूटभर बारीक गाळांत कोट्यवधि कण असतात. तितकीं खातीं उघडणें संगणकासहि झेपत नाहीं. म्हणून पुष्कळ कणांचें मिळून एकच खातें धरावें लागतें. शिवाय, मूळ नोंद खोटी असल्यास उताराहि खोटाच निघावयाचा. आपल्या गाळाचे कण केवढे, हें कळल्यावांचून कोणतीहि आज्ञावली हौदाचें खरें माप सांगूं शकणार नाहीं.

यास्तव शेतकरी बंधूंस आमची विनंती आहे कीं, हौदावर पैसा घालण्यापूर्वीं काचेच्या उंच बरणींत आपलें पाणी भरून ढवळावें, व तें किती वेळांत निवळतें हें घड्याळ लावून पाहावें. घटकाभरांत निवळल्यास हौदानें पुष्कळ काम होईल. दुसऱ्या दिवशींहि गढूळच राहिल्यास तो बारीक मातीचा दोष समजावा. तेथें हौदावर विसंबूं नये, जाणत्यांस विचारून गाळणीची योजना करावी. एका बरणीची ही नोंद आम्हीं वेळींच केली असती, तर तो हंगाम पदरांत पडता.