शेजारी कोणास म्हणावे?

शेजारी कोणास म्हणावे, असे एका शास्त्र्याने येशू ख्रिस्तास विचारले. उत्तरादाखल ख्रिस्ताने लुटारूंनी घायाळ केलेल्या वाटसरूचे आख्यान सांगितले. याजक त्यास टाळून पुढे गेला. परका गणलेल्या शोमरोन्याने मात्र त्याच्या जखमा बांधल्या. जो जवळ गेला, तोच शेजारी ठरला.

आमच्या गीर्वाणवाणीच्या विदुषी पंडिता रमाबाई यांनी हे आख्यान आचरून दाखविले. तरुणपणीच दुष्काळात त्यांचे मातापिता गेले होते. १८८३ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या व निराधार मुलींना घेऊन आल्या. केडगावी त्यांना केवळ अन्न नव्हे, तर शिक्षण आणि हातास उद्योगही मिळाला. भुकेची ओळख आधी होती; म्हणूनच त्या सेवेस उपकाराचा वास आला नाही.

आम्ही मात्र आयुष्यभर कीर्तनातून भूतदया सांगितली आणि भिंतीपलीकडील ख्रिस्ती कुटुंबाची साधी विचारपूसही केली नाही. गतवर्षी आम्ही अंथरुणास खिळलो, तेव्हा पेजेचे भांडे त्याच घरातून आले. आमचे पथ्य त्यांस ठाऊक होते. आम्हांस त्यांच्या मुलांची नावेही ठाऊक नव्हती.

आज नाताळ. प्रथम ती नावे विचारावयास आम्ही त्यांच्या दारी जात आहोत.