खेळाच्या आज्ञावलीतील गणित

संगणकावरील खेळ रचण्याचे ‘गोडो’ हे साधन २०१४ साली सर्वांस खुले झाले. ते विनामूल्य मिळते. त्यात खेळाच्या प्रत्येक घटकास ‘नोड’, नोडांच्या जुळणीस ‘सीन’ व वर्तन ठरविणाऱ्या आज्ञांस ‘स्क्रिप्ट’ म्हणतात.

पहिला पाठ चेंडू सरकविण्याचा घ्यावा. पडद्यावरील चित्र सेकंदास अनेकदा नव्याने काढले जाते. प्रत्येक चित्रागणिक चेंडू ४ बिंदू पुढे नेल्यास, सेकंदास ६० चित्रे काढणाऱ्या संगणकावर तो २४० बिंदू जाईल. ३० चित्रे काढणाऱ्या मंद संगणकावर मात्र १२०च. यास्तव वेग सेकंदास २४० बिंदू धरावा, आणि मागील चित्रापासून लोटलेल्या काळाने, म्हणजे ‘डेल्टा’ने, त्यास गुणावे. मग एकीकडे चित्रागणिक ४, दुसरीकडे ८ बिंदू. सेकंदाचे अंतर दोन्हीकडे सारखेच भरते.

अंतर म्हणजे वेग गुणिले काळ, हे सूत्र मुलांना पाठ असते. येथे ते चुकल्यास चेंडूच चूक दाखवितो. संगणक एकच असल्यास गोडोमध्ये चित्रांची कमाल संख्या ३० करून फरक दाखविता येतो. उत्तर सांगण्याची घाई शिक्षकांनी करू नये. मुलांस आधी चेंडू पाहू द्यावा.